तिसरी पाटी

माझ्या गळ्यात आजवर तीन पाट्या पडल्या आणि एक मंगळसूत्र. मंगळसूत्राबद्दल माझी काही तक्रार नाही, पाट्यांबद्दल आहे. ऐंशी पार केल्यावर आता कसल्या तक्रारी करता, असं सूनबाई म्हणते. मी म्हणते, आता नाही करायच्या तर कधी, सरणावर? परवा नातू फोनवर मला म्हणाला, ‘आजी, तू डिस्कस अबाउट म्हणालीस. नुसतं डिस्कस म्हणायचं असतं.’ पोरगा पुण्यात कुठल्याशा कंपनीत बसून दिवसभर इंग्रजीत पत्रं लिहितो. मी म्हटलं, ‘बाबा रे, तुझ्या बापाला इंग्रजी मी शिकवलं, बापानं तुला शिकवलं, आता तू मला शिकव, माझी ना नाही. पण गळ्यात पाटी बांधायला येऊ नकोस, हात मोडून ठेवीन.’ त्याला पाटीचं काहीच ठाऊक नव्हतं. तो हसला. मला काही हसू आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात होतं. दोन खोल्या आणि मागे चुलीची पडवी. पडवीच्या पलीकडच्या गल्लीत माग होते, त्यांची खटखट दिवसभर चालायची. आम्हाला ती ऐकूच यायची नाही इतकी सवयीची झाली होती. थांबली की मात्र सगळे माना वर करून बघायचे, काय झालं म्हणून. माझी आई, तिला आम्ही माय म्हणायचो, देडतलाईकडची, शेतकऱ्याची लेक. शाळेची पायरी तिनं कधी चढली नाही. आकडे तिला बोटांवर यायचे आणि अक्षरं म्हणजे काळ्या मुंग्या, असं ती स्वतःच म्हणायची. पण मांडे करण्यात तिचा हात धरणारी अख्ख्या इतवाऱ्यात कुणी नव्हती. लग्न निघालं की आधी मायकडे सांगावा यायचा, मग भटजीकडे. चाळलेली कणीक पाण्यात तिंबून तिंबून ती अशी करायची की बोटांतून ओघळेल. मग पुरणाचा गोळा आत घालून तो लाटायचा नाही बरं, दोन्ही हातांवर खेळवायचा, मनगटावर, कोपरापर्यंत, वाढवत वाढवत न्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायचा. डाळीगुळाचा तो वास पडवीतून गल्लीत जायचा आणि पलीकडचा एखादा माग हमखास थांबायचा.

मायकडे नव्या सुना मांडे शिकायला येत. शिकणारीचा पहिला मांडा फाटतो. दुसराही फाटतो. आमच्यात एक रीत होती, आता कुणी पाळतं की नाही कोण जाणे. शिकणारीचा फाटलेला मांडा शिकवणारीनं खायचा. तो गाईला घालायचा नाही, पोरांना द्यायचा नाही, झाकून ठेवायचा तर मुळीच नाही. शिकवणारीनं तिथंच चुलीपुढे बसून, सगळ्यांदेखत, ‘फाटला तो माह्या हातचा’ असं म्हणायचं आणि खायचा. एकेका लग्नसराईत मायनं इतके फाटके मांडे खाल्ले की रात्रीची भाकर तिला जायची नाही. पण कुठल्या सुनेला ती ‘असं कसं गं केलंस’ म्हणाल्याचं मला आठवत नाही.

माझे वडील, तात्या, तहसील कचेरीत कारकून होते. ते दिवस राज्यांच्या जोडाजोडीचे. आम्ही घर हलवलं नाही, तापी ओलांडली नाही, तरी आमचं राज्य बदललं. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली आणि कचेरीतले कागद हिंदीत झाले. तात्यांचं सगळं शिक्षण मराठीत, नोकरी इंग्रजी कागदांवर, आणि आता चाळिशी उलटल्यावर हिंदीची परीक्षा द्या म्हणून हुकूम. घरात आम्ही निम्मी हिंदीच बोलायचो म्हणा, भाजीवाल्याशी, पिंजाऱ्याशी, शेजारच्या खालाशी. पण बोलायची हिंदी वेगळी आणि कागदावरची वेगळी. तात्या ‘आवाज आया’ म्हणायचे. मराठीत आवाज तो, मग हिंदीत ती कशी? कचेरीतला कालचा पोरगा त्यांना सगळ्यांसमोर सांगायचा, ‘बडे बाबू, आवाज आयी, आयी.’ तात्या घरी येऊन टोपी खुंटीला अडकवायचे आणि म्हणायचे, ‘कुसुम, आपल्या घरात सगळेच नापास होणार बघ.’ असं म्हणून स्वतःच हसायचे. भित्रा माणूस, पण हसायचा छान.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते. मुलांची शाळा, त्यात आम्ही चार मुली, खिडकीकडच्या बाकावर दाटीवाटीनं बसायचो. इंग्रजीला कानडे मास्तर. ते नागपूरकडचे. राज्य फुटलं तेव्हा त्यांचं गाव तिकडे गेलं आणि नोकरी इकडे राहिली. बदलीचा अर्ज केला होता, रोज टपालाची वाट बघायचे, आणि टपाल आलं नाही की तो राग आमच्या वह्यांवर निघायचा. ‘तुमच्या या गावाला ना धड मराठी येत, ना धड हिंदी,’ ते म्हणायचे, ‘इंग्रजी काय डोंबल येणार!’ आता खरं सांगायचं तर आम्ही चुका करायचो, आणि त्या ढिगानं करायचो. दिवा लावायला ‘ओपन द लाइट’ म्हणायचो. आज सकाळी म्हणजे ‘टुडे मॉर्निंग’. परीक्षा आपण देतो, म्हणून ‘गिव्ह’ करायचो. मला दोन भाऊ आहेत हे आमच्यातला प्रत्येक जण ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असं लिहायचा, भाऊ म्हणजे जणू आता ताटात वाढलेत. चुका होत्याच. माझा राग चुका दाखवण्यावर कधी नव्हता.

मास्तरांनी पाटीची पद्धत काढली होती. दर मंगळवारी निबंधाच्या वह्या परत यायच्या. ज्याची चूक सगळ्यांत ढळढळीत, त्याचं वाक्य मास्तर स्वतः खडूनं एका दगडी पाटीवर लिहायचे, सुतळी ओवून ती त्याच्या गळ्यात अडकवायचे. ती तशीच घालून घरी जायचं, पालकाची सही घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी तशीच घालून यायचं. पुसली तर दुसरी. मुलं गल्लीबोळांतून लपतछपत जायची, पाटी सदऱ्याच्या आत घालायची. मुलींना मास्तर पाटी द्यायचे नाहीत. ‘मुलींचं काय,’ म्हणायचे, ‘त्यांना कुठे इंग्रजीत संसार करायचाय!’ आणि वह्या बाकावर फेकायचे. हे मी चारपाच मंगळवार ऐकलं. सहाव्याला माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, ‘सर, आमच्याही चुका मोजा. आम्हीही तीच परीक्षा देणार आहोत.’ बाकीच्या तिघींनी परकराला धरून मला खाली ओढलं. मास्तर म्हणाले, ‘असं? मग घे.’

तर पहिली पाटी मी मागून घेतली. उगाच दुसऱ्याला दोष नको. वाक्य होतं पेन्सिल हरवल्याचं. हरवण्याला इंग्रजीत एकच ‘ओ’ असतो. दोन घातले की त्याचं सैल होतं. म्हणजे मी माझी पेन्सिल सैल केली होती. वर्ग हसला, मीही हसले. पण ती पाटी गळ्यात घालून बाहेर पडले तेव्हा मात्र पाटी हातानं झाकली. बोळातून जाणार होते. मग मनात म्हटलं, मागून घेतलीस ना? आता लपतेस कुठे? भरबाजारातून, ताठ मानेनं, सरळ तापीच्या राजघाटावर गेले, कारण त्या वेळी माय तिथं धुणं धूत असायची.

तिथं जे झालं ते माझ्या डोक्यातही नव्हतं. मायनं मला पायऱ्यांवरून उतरताना पाहिलं, हातातलं लुगडं दगडावर टाकलं आणि ओरडली, ‘अवं माय! पोरीले पाटी बांधली!’ तिचा चेहरा असा फुलला की मी होते तिथंच थांबले. झालं होतं असं, की माझ्या मामाच्या ढवळ्या बैलाला इच्छापूरच्या जत्रेत पहिला नंबर मिळाला होता, आणि साहेबानं त्याच्या गळ्यात अक्षरं रंगवलेली पाटी बांधली होती. ती पाटी मामाच्या ओसरीवर अजून टांगलेली होती. मायच्या हिशेबी गळ्यात पाटी बांधतात ती पहिल्या नंबराला. दुसरं काही असू शकतं हे तिला कोण सांगणार? घाटावरच्या सगळ्या बाया गोळा झाल्या. एकीनं माझी अलाबला घेतली. घरी आल्यावर मायनं निरांजन लावून मला ओवाळलं, तोंडात गुळाचा खडा घातला. तात्या कचेरीतून आले, त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि गुपचूप मागच्या बाजूला सही केली. मी काही बोलले नाही. गूळ तोंडात होता, हे कारण नव्हे. मला ते ओवाळणं हवं होतं.

दुसरी पाटी ‘कझिन ब्रदर’ची. इंग्रजीत नुसतं कझिन म्हणायचं, भाऊ की बहीण ते सांगायचं नाही. मी विचारलं, ‘मग चुलत की मामे ते कसं कळणार?’ मास्तर म्हणाले, ‘कळायची गरज नसते.’ आता मला सांगा, ज्यांना मामेभाऊ आणि चुलतबहीण यांतला फरक कळत नाही त्यांची चूक, की माझी? पाटी मात्र माझ्या गळ्यात. मायनं पुन्हा ओवाळलं, आणि या वेळी शेजारणींना बोलावून ओवाळलं. खाला म्हणाल्या, ‘बेटी नाम रोशन करेगी.’ मी जमिनीकडे बघत राहिले.

पुढच्याच आठवड्यात हेडमास्तरांनी वर्गात येऊन सांगितलं की ज्याला तीन पाट्या होतील त्याचा मॅट्रिकचा फॉर्म शाळा पाठवणार नाही; नापासांचा आकडा शाळेच्या नावावर नको. शनिवार हा फॉर्मांचा दिवस ठरला. मी तिथंच बोटांवर उरलेले मंगळवार मोजले. कारण घरी गोष्ट अशी होती, की मामानं माझ्यासाठी एक स्थळ केव्हाच बघून ठेवलं होतं. केळीचा मोठा बागाईतदार, घर भरलेलं, मुलगा चौथी शिकलेला. वाईट काहीच नाही. तात्या दर वेळी एकच म्हणायचे, ‘पोरगी मॅट्रिकला बसणार आहे, ते होऊ द्या.’ भित्र्या माणसाकडे तेवढी एकच ढाल होती. फॉर्म गेला नाही की ढाल गेली, आणि मला तर शिकून मास्तरीण व्हायचं होतं. दोन पाट्या झालेल्या, एक मंगळवार उरलेला.

त्या मंगळवारच्या निबंधाचा विषय होता ‘माय मदर’. मी जपून लिहिलं, एकेक स्पेलिंग तीनतीनदा तपासलं. पण मायबद्दल लिहायला लागल्यावर हात सुटला. मास्तरांनी माझी वही वर धरली आणि वाचलं, ‘माय मदर इज नोइंग मांडे.’ मग चष्मा काढला. ‘नोइंग! वा! म्हणजे सध्या जाणणं चालू आहे. सकाळी सुरू केलं, संध्याकाळपर्यंत संपेल, काय?’ वर्ग खिदळला. ‘कितीदा सांगितलं, या क्रियापदाला इंग लागत नाही!’ मी उभी राहिले. ‘सर, वाक्य चुकलं असेल. खोटं नाही. तिला मांडे येतात, आणि ते येणं संपत नाही, म्हणून तसं लिहिलं.’ मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, ‘वाद घालण्यात पहिला नंबर,’ आणि खडू उचलला. वर्गाच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे तिसरी रेघ ओढली गेली ती मी बाकावरून पाहिली.

घरी मायनं विचारलं, ‘काय लिव्हलंय वं ह्या बारीले?’ मागच्या दोन्ही वेळी तिनं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘तुझ्याबद्दल लिहिलंय.’

‘माह्याबद्दल? इंग्रजीत?’

‘तुला मांडे येतात, असं.’

ती मटकन खाली बसली. पदरानं हात पुसले आणि पाटीच्या कडेला, खडू पुसणार नाही असं जपून, एक बोट लावलं. ‘यातलं मांडे कुठी हाये?’ मी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवर हळदीकुंकवाचं बोट टेकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्यांनी सही केली आणि मायची पाठ फिरल्यावर हळूच म्हणाले, ‘सांगून टाक तिला. मला दोन्ही वेळा जमलं नाही.’ मलाही जमलं नाही. माय मात्र उठली, डाळ भिजत घातली, आणि म्हणाली, ‘मास्तरले मांडे खाऊ घालीन उद्या. तीनतीनदा मान केला पोरीचा, कुणी करतं का एवढं?’ मी म्हटलं, ‘नको गं, माय.’ ती म्हणाली, ‘तू गप. तुले रीतभात काय समजते!’

सकाळी खापर तापलं तेव्हा तिनं मला हाक मारली, ‘ये, एक तू टाक. मास्तरले सांगता येईन, पोरीलेबी येतात म्हणून.’ मी टाकला. मधोमध फाटला, पुरण खापरावर सांडून जळलं. माय हसली आणि तो घडी करून टोपलीतच एका फडक्यात वेगळा ठेवला. ‘मंग खाईन,’ म्हणाली, ‘आता टाइम नाही.’ मी पाटी घालून शाळेत गेले. वाटेत दोनदा मनात आलं, मागे फिरावं आणि तिच्या पायांवर पडून सांगावं. फिरले नाही. या एका गोष्टीची मला आजही लाज वाटते, बाकी कशाची नाही.

इंग्रजीचा तास चालू होता. माय दारात आली, डोक्यावर पदर, हातात टोपली. मास्तर म्हणाले, ‘कोण आपण?’

‘मी कुसुमची माय. तुमी माह्या पोरीचा तीन डाव मान केला, मास्तर. आमच्या घरात कोन्ही शिकेल नाही, गळ्यात पाटी बांधायची गोष्ट तं लांबच राहिली. म्हून हे दोन मांडे आनले. गोड करून घ्या.’

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग मागच्या बाकावरचा एक जण फुस्स करून हसला, आणि सगळा वर्ग फुटला. माय भांबावून हसणाऱ्या पोरांकडे बघायला लागली, तोंडावर ते मघाचंच हसू तसंच राहिलेलं. ते हसू मी बघू शकले नाही. उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, ‘माय, हा मान नाही. ही शिक्षा आहे. ज्याचं चुकतं त्याच्या गळ्यात पाटी बांधतात. माझं तीनदा चुकलं.’

माय माझ्याकडे बघत होती. ‘मंग तवाच का नाही सांगितलं?’

‘तू ओवाळलंस म्हणून.’

तिनं मान हलवली, जणू हे उत्तर तिला पटलं. मग टोपली टेबलावर ठेवली आणि मास्तरांकडे वळली. आवाज चढवला नाही. लग्नघरात शंभर माणसांच्या पंगतीत ती ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, ‘माह्याबद्दल लिव्हलं ते चुकीचं हाये का?’

‘तसं नाही बाई, वाक्यरचना चुकीची आहे.’

‘मंग बरोबर कसं, ते लिव्हलं का कुठी? हिकडून का तिकडून?’ तिनं माझ्या गळ्यातली पाटी उलटी करून पाहिली. तिथं तात्यांची सही होती.

‘बरोबर काय ते विद्यार्थ्यानं शोधायचं असतं,’ मास्तर म्हणाले.

‘पोरीनं शोधायचं? मंग तुमी काय करता?’

कुणीतरी पुन्हा हसलं, पण या वेळी मायला नव्हे. मास्तरांचे कान लाल झाले. मायनं टोपलीतलं फडकं सोडलं आणि माझा तो करपलेला, फाटका मांडा काढला. ‘हा माह्या पोरीनं केला सकाळी. फाटला. हिले मांडे मी शिकोते. आमच्यात शिकणारीचा फाटला तं शिकोणारीनं खायचा असतो. तिच्या गळ्यात नाही बांधत कोन्ही.’ आणि तिथं, वर्गात, फळ्यासमोर उभी राहून, डोक्यावरचा पदर सावरत तिनं तो मांडा खाल्ला. घास घाईनं गिळला नाही, नीट चावून खाल्ला. ‘फाटला तो माह्या हातचा,’ म्हणाली. पाच मिनिटं गेली असतील. बुऱ्हाणपूरचे सगळे माग त्या वेळी बंद पडले असावेत, इतकी शांतता होती. मग तिनं माझ्या डोक्यावरून सुतळी काढली, पाटी मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘ही तुमची. शिकोणारे तुमी. बाकीचे मांडे चांगले हायेत, पोरांले वाटा.’ आणि गेली.

मास्तरांनी पाटी टेबलाच्या कडेला सरकवली. मग शब्दयोगी अव्ययं शिकवायला लागले, पण त्या दिवशी कुणाला प्रश्न विचारला नाही. मधल्या सुटीत बघितलं तर टोपली रिकामी होती. मास्तरांनी खाल्ला की नाही मला माहीत नाही. लोक मला म्हणतात, माणूस मनानं चांगला होता, टांगलेला होता बिचारा, ना इकडचा ना तिकडचा. असेल. टांगलेलं तर आमचं सगळं गावच होतं. तात्याही टांगलेलेच होते, त्यांनी नाही कुणाच्या गळ्यात काही बांधलं. चांगुलपणाचा हिशेब करायला मी बसलेली नाही.

मायनं घरी मला चकार शब्दानं रागावलं नाही. जेवणं झाल्यावर तात्यांनी मॅट्रिकचा कोरा फॉर्म काढला, सही करायला दौत पुढे ओढली. तिसरी पाटी लागलेली होती, फॉर्म जाणार नाही हे तिघांनाही कळत होतं, तरी तात्यांनी तो काढला. माय म्हणाली, ‘थांबा. ह्यावर सही मी करीन.’ तात्या म्हणाले, ‘अगं, तुला कुठे...’ ती म्हणाली, ‘मले कुसी शिकोईन.’ पाटी तर शाळेत होती, म्हणून मी चुलीतला कोळसा घेतला आणि पडवीच्या फरशीवर तिचं नाव काढलं, मथुरा. तीन संध्याकाळी ती त्या फरशीवर वाकून बसली. कणकेचा तेवढा मोठा पसारा कोपरावर खेळवणारी बाई, पण कोळसा तिच्या बोटांत काही केल्या वळेना. ‘म’ आला. ‘रा’ आला. मधला ‘थु’ सारखा उलट्या बाजूला तोंड करून बसायचा. ‘काय हट्टी हाये मेला,’ म्हणायची, आणि पुसून परत काढायची. शुक्रवारी संध्याकाळी तिनं फॉर्मवर शाईनं सही केली. ‘थु’ उलटाच पडला, शेजारी एक डागही पडला. तात्या म्हणाले, दुसरा फॉर्म आणू का? मी म्हटलं, नाही. हाच.

शनिवारी हेडमास्तरांच्या खोलीत एकेकाला बोलावत होते. मी गेले तेव्हा कानडे मास्तर रजिस्टर घेऊन बाजूला उभे होते. हेडमास्तरांनी माझा फॉर्म हातात घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, ‘पाट्या किती?’

‘दोन,’ कानडे मास्तर म्हणाले.

हेडमास्तरांनी रजिस्टर ओढून घेतलं, बोट फिरवलं. ‘इथं तीन रेघा दिसताहेत.’

‘तिसरी माझी आहे,’ मास्तर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, खिडकीबाहेर बघत होते. ‘माझ्याच टेबलावर आहे. हवी तर आणून दाखवतो.’

हेडमास्तरांना त्यातलं काय कळलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांनी खांदे उडवले, शिक्का उचलला, आणि खाली टेकवणार तेवढ्यात थांबले. सहीच्या जागी वाकून बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. ‘ही पालकाची सही? तुझे वडील तर कचेरीत आहेत ना? मग हे काय मांजराचं पाऊल?’

‘आईची सही आहे,’ मी म्हटलं.

‘हे असलं अक्षर! हा ‘थु’ आहे का? कुणी शिकवलं तिला असं लिहायला?’

‘मी शिकवलं, सर,’ मी म्हटलं. ‘चुकलं असेल तर पाटी माझ्या गळ्यात बांधा.’